रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा: अँग्झायटी म्हणजे काय आणि थेरपीत नेमकं काय करतात

रात्री दीड-दोनला अचानक छातीत धडधडायला लागतं. श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात. घरचे रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेतात. ईसीजी निघतो, बीपी बघतात, रक्त तपासायला जातं आणि तासाभरानं डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका."

पेशंटच्या दृष्टीनं हे उत्तर अर्धंच असतं. हृदय ठीक आहे हे कळलं, पण मघाशी झालं ते काय होतं? पुन्हा झालं तर काय करायचं? टेन्शन न घेणं हे बटण बंद करण्याइतकं सोपं असतं, तर माणूस रात्री दोनला रिक्षात बसला असता का? दुसरीकडे मोबाइल उघडावा तर प्रत्येक तिसऱ्या रीलमध्ये कुणीतरी 'अँग्झायटीची पाच लक्षणं' सांगत असतं आणि ती पाचही आपल्याला लागू पडतात. कॅज्युअल्टीतलं एक वाक्य आणि रीलमधली पाच लक्षणं यांच्यामध्ये अँग्झायटीबद्दल, म्हणजे हाताबाहेर गेलेल्या भीती-काळजीबद्दल, बरंच काही सांगायचं राहून जातं.

शरीर काय करत असतं

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचार पूर्ण व्हायच्या आतच शरीराला तयारीला लावतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धावतं, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पचन मागे पडतं, घाम सुटतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९१५ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय: लढा किंवा पळा, यासाठीची ही तयारी.

आता एकेक लक्षण बघा. पोटात गोळा येतो, कारण पचन थांबलंय. छाती आवळल्यासारखी वाटते, कारण तिथले स्नायू ताठलेत. श्वास भराभर घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं चक्कर आल्यासारखं वाटतं, बोटं बधिर होतात. गंमत अशी की 'श्वास पुरत नाही' असं वाटतं तेव्हा आपण बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो.

म्हणजे लक्षणं खोटी नसतात. 'सगळं मनाचं आहे' म्हणणाऱ्यानं एकदा त्या माणसाची नाडी धरून बघावी. फक्त, शरीर समजतं तेवढा धोका नसतो.

दिवाळीत सोसायटीच्या आवारात एखादा बॉम्ब फुटला की कोपऱ्यातली गाडी बोंबलायला लागते. तिचा अलार्म बिघडलेला नसतो, चोर आला तर तो वाजायलाच हवा. फक्त तो जरा जास्तच हळवा लावलेला असतो. अँग्झायटीच्या विकारात शरीराचं हेच होतं. म्हणून अलार्म उपटून टाकणं हे उपचाराचं उद्दिष्ट नसतं. ज्याला भीतीच वाटत नाही तो माणूस मुंबईत रूळ ओलांडताना मरेल. अलार्म खऱ्या चोरासाठी राहावा आणि फटाक्यानं वाजू नये, एवढंच साधायचं असतं.

काळजी कुणाला नाही?

बरोबर. दहावीचा निकाल, घराचा हप्ता, आईचं ऑपरेशन, यांची धाकधूक वाटणं हा आजार नाही. डॉक्टर तीन गोष्टी बघतात: किती दिवस चाललंय, कारणाच्या मानानं किती जास्त आहे आणि त्यापायी आयुष्यातलं काय काय बंद पडलंय. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

विकारांचे प्रकार वेगवेगळे आहेत. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, या ना त्या विषयाची आवरता न येणारी काळजी हा एक. अचानक उसळणारे घबराटीचे झटके, म्हणजे पॅनिक अटॅक, आणि 'परत येईल' ही धास्ती हा दुसरा. चारचौघांत आपलं हसं होईल या भीतीनं बोलणं, खाणं, सही करणंसुद्धा टाळणं हा तिसरा. जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती हा चौथा आणि लोकलवर जगणाऱ्या शहरात तो फार महागात पडतो. लिफ्ट, उंची, कुत्रा, इंजेक्शन अशा एकेका गोष्टीची पराकोटीची भीतीही यातच येते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. दर शंभर प्रौढांपैकी दहापेक्षा थोड्या अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता आणि महानगरांत हे प्रमाण जास्त निघालं. अँग्झायटी, नैराश्य अशा नेहमीच्या विकारांत तर पाचातल्या चौघांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. छातीत पहिल्यांदा दुखलं तर ते अँग्झायटीच असेल असं घरबसल्या ठरवू नका. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, दम्याची काही औषधं, दिवसाला सात-आठ कप चहा-कॉफी, यांनीही अशीच धडधड होते. आधी तपासणी, मग पुढचं.

विकार टिकतो कशावर

या लेखात मला खरं सांगायचंय ते हेच, म्हणून इथे जरा वेळ घेतो. भीती का सुरू झाली याची शंभर कारणं असू शकतात: आनुवंशिकता, बालपण, एखादा वाईट प्रसंग, नुसती झोपमोड. पण ती टिकून राहते ती बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर, टाळण्यावर.

समजा, ठाण्याच्या एक बाई आहेत. फोर्टातल्या बँकेत नोकरी. (उदाहरण अनेकांच्या अनुभवांवरून जुळवलेलं आहे.) जुलैतल्या एका सकाळी कुर्ला आणि शीवच्या मध्ये पाण्यामुळे गाडी अडकते. लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही, पंखे बंद. त्यांना गरगरतं, धडधड वाढते आणि 'मी इथेच मरणार' असं वाटतं. वीस मिनिटांनी गाडी हलते. दादरला उतरून त्या बाकावर बसून राहतात.

दुसऱ्या दिवशी त्या फास्ट सोडून स्लो पकडतात, म्हणजे दर चार मिनिटांनी उतरायची सोय. पुढच्या आठवड्यात फक्त दाराजवळची जागा. मग पर्समध्ये पाण्याची बाटली. मग मैत्रिणीनं दिलेली झोपेची गोळी, 'घेणार नाही, नुसती असू दे'. मग प्रत्येक स्टेशनला नवऱ्याला फोन. मग आठवड्यातून दोनदा कॅब, तिचे पैसे परवडेनात म्हणून रजा, आणि दिवाळीनंतर गिरगावात भाचीचं लग्न असतं तिथे जायचं राहूनच जातं.

यात वेडेपणा कुठेच नाही. प्रत्येक पायरीला त्यांना खरोखर बरं वाटलेलं आहे, आणि घात तिथेच होतो. 'सुटले' असं वाटतं त्या क्षणी मेंदू नोंद करतो की दाराजवळ उभी होते म्हणून वाचले, बाटली होती म्हणून वाचले. काहीच होणार नव्हतं ही माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती तपासून बघायची वेळ कधी येऊच दिलेली नाही. जग मात्र दर महिन्याला एका स्टेशननं आखूड होत जातं.

शिवाय एक चक्र असतं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं ते १९८६ मध्ये नीट मांडलं. जिने चढल्यानं धडधड होते, माणूस तिचा अर्थ 'अटॅक येतोय' असा लावतो, त्या अर्थानं घाबरतो, घाबरल्यामुळे अ‍ॅड्रेनलिन वाढतं, धडधड आणखी वाढते, मग 'बघा, खरंच येतोय'. सगळं काही मिनिटांत शिगेला पोचतं. आणि मग उतरतं, कारण शरीर त्या चढ्या अवस्थेत तासन्‌तास राहू शकत नाही. हे उतरणं बाईंनी कधी शांतपणे पाहिलेलंच नसतं. त्या आधीच उतरलेल्या असतात, घाटकोपरला.

थेरपी म्हणजे गप्पा नव्हेत

आपल्या डोक्यात थेरपीचं चित्र सिनेमातलं असतं: कोचावर आडवा झालेला पेशंट, चष्म्यातून बघणारा डॉक्टर आणि लहानपणच्या आठवणी. तशाही पद्धती आहेत. पण अँग्झायटीसाठी सर्वांत जास्त तपासली गेलेली पद्धत निराळी आहे. तिला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी थेरपी. तिची मुळं दोन अमेरिकनांकडे जातात. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि एरन बेक यांनी १९६० च्या दशकात, घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ जास्त त्रास देतो, यावर उपचार उभे केले. एलिस यांची पद्धत मराठी माणसाला अगदीच परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ती इथे रुजवली.

साधारण आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाचं सेशन, अशी बारा ते सोळा सेशन्स. पहिल्या एक-दोन भेटी विचारपूस करण्यात जातात: कधीपासून, कुठे, त्या वेळी मनात नेमकं कुठलं वाक्य आलं, मग काय केलंत. त्यानंतर थेरपिस्ट वर सांगितलेलं चक्र तुमच्याच उदाहरणावरून कागदावर काढून दाखवतो. पुष्कळ लोकांना इथेच अर्धा सुटकेचा श्वास मिळतो. आपल्याला वेड लागत नाहीये, हे पहिल्यांदा कुणीतरी पटेल असं सांगितलेलं असतं.

मग पायऱ्या ठरतात. आपल्या बाईंची यादी काहीशी अशी होईल. दुपारी दोनची रिकामी स्लो, ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन: भीती शंभरात तीस. तशीच स्लो, घाटकोपरपर्यंत: पंचेचाळीस. तेच अंतर, पण बाटली घरी ठेवून आणि डब्याच्या आत बसून: साठ. दुपारची फास्ट, दादरपर्यंत: पंच्याहत्तर. आणि सगळ्यांत वर सकाळची गर्दीची फास्ट, फोन पर्समध्ये बंद.

चढण्याआधी त्या वहीत लिहितात, 'चक्कर येऊन पडेन, कुणी बघणारसुद्धा नाही. खात्री: ऐंशी टक्के.' मुलुंडला उतरून त्याखाली लिहितात, 'धडधडलं. घाम आला. पडले नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, बसताय का.' एवढंच. पण असं एकेक पान भरत जातं तसा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्यांना स्वतःच्याच अक्षरात दिसायला लागतो. ते बघितल्यावर 'अहो, काही होत नाही' हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

पॅनिकसाठी याहून विचित्र वाटणारा सराव असतो. थेरपिस्ट तुम्हाला खोलीतच मिनिटभर जागच्या जागी पळायला लावतो, खुर्चीत गोल फिरवतो, नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतो. धडधड, चक्कर, गुदमरणं हे सगळं मुद्दाम आणायचं आणि ते आपोआप ओसरतं हे बघायचं. (दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. यूट्यूबवर बघून घरी तर नकोच.)

यामागची समजूत अलीकडे थोडी बदललीय. पूर्वी वाटायचं की भीती हळूहळू पुसली जाते. मिशेल क्रास्क आणि इतर संशोधकांच्या मांडणीनुसार जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'यात जीव जात नाही' अशी नवी नोंद तयार होते आणि ऐनवेळी दोघींत चुरस लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की सराव एकाच गाडीत, एकाच वेळी, नवऱ्यासोबतच करून भागत नाही. पावसात करा, एकटीनं करा, हार्बरवर करा, रात्री जेमतेम झोपला असाल त्या दिवशीही करा.

"पण मुंबईत धोका खराच असतो"

असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्यांनी ती रात्र रस्त्यावर, बसच्या टपावर किंवा ऑफिसच्या टेबलावर काढली, त्यांना काळे ढग बघून धस्स होत असेल तर त्यात नवल काय? जगात धोका नाही असं चांगला थेरपिस्ट कधीच म्हणणार नाही. तो विचारतो: धोका किती, आणि त्यासाठी तुम्ही मोजताय ती किंमत किती? भर पावसात हवामान खात्याचा इशारा बघून घरी थांबणं हा शहाणपणा झाला. डिसेंबरातही ढग आला म्हणून रजा टाकणं ही अँग्झायटी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याची नोकरी खरंच जाणार आहे, ज्याच्या चाळीचा पुनर्विकास वर्षानुवर्षं रखडलाय आणि बिल्डर भाडं देत नाही, त्याची काळजी थेरपीनं जाणार नाही. थेरपी हप्ते भरत नाही. रात्री तीनला चाळिसाव्यांदा तोच हिशेब करण्यापासून ती फार तर वाचवते, म्हणजे सकाळी वकिलाकडे जायला डोकं ताळ्यावर राहतं.

दिवसभर चालू राहणारी काळजी

झटके न येता नुसतीच काळजी चालू असते, त्यांची तऱ्हा वेगळी. आपल्या घरांत ही ओळखू येणं अवघड, कारण काळजी करणं हे मायेचं लक्षण मानलं जातं. मुलानं 'पोचलो' असा मेसेज केला नाही की आई दहा मिनिटांत चार फोन करते. चौथा उचलला जातो, हुश्श होतं, आणि मेंदू शिकतो की फोन केले म्हणून सगळं ठीक निघालं. टाळण्याचाच हा दुसरा अवतार: इथे अनिश्चितता टाळलेली असते.

इथे थेरपिस्ट काळजीचे दोन ढीग करायला सांगतो. एकात ज्यावर आज काही करता येईल ते: बिल भरा, डॉक्टरांची वेळ घ्या. दुसऱ्यात नुसते 'असं झालं तर'. दुसऱ्या ढिगासाठी रोजची वेळ बांधून देतात, समजा संध्याकाळी सहा ते सव्वासहा. मधेच विचार आला तर कागदावर टिपायचा आणि सहा वाजेपर्यंत थांबवायचा. ऐकायला पोरकट वाटतं. पण सहा वाजता कागद उघडला की सकाळच्या निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असतात.

बॉसचा रात्री साडेदहाला 'उद्या भेटून बोलू' असा मेसेज आला, की मन थेट राजीनाम्यापर्यंत पोचतं. अशा वेळी 'पॉझिटिव्ह विचार कर' हा सल्ला कुचकामी आहे. थेरपीत उलट जमाखर्च मांडतात: राजीनाम्याच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय, याआधी असे मेसेज आले तेव्हा काय निघालं? उत्तर दर वेळी गोड निघतं असं नाही. पण ते डोक्यातल्या सिनेमापेक्षा बहुधा सौम्य निघतं.

"बोलून कुणी बरं होतं का?"

सगळे होत नाहीत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००८ पासून अँग्झायटी आणि नैराश्यासाठी अशा थेरपीची देशभर सोय केली आणि जवळजवळ प्रत्येक सेशनला मोजमाप ठेवलं. उपचार पूर्ण करणाऱ्यांतले साधारण निम्मे विकाराच्या रेषेखाली आले. बाकीच्यांत कुणाला थोडा फरक पडला, कुणाला नाही. ज्यांना 'शंभर टक्के गॅरंटी' हवी आहे त्यांनी लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबा बंगालीच्या जाहिराती वाचाव्यात.

हे सगळं साहेबाच्या देशातलं, असं वाटत असेल तर गोव्याचं उदाहरण घ्या. विक्रम पटेल या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खास प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य आणि अँग्झायटीचे रुग्ण सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

"मग प्राणायाम करतोय तो बरा की!"

करा. सावकाश श्वास सोडल्यानं शरीर शांत होतं, व्यायामानं अँग्झायटी उतरते, झोप सुधारली तर अर्धं काम होतं. माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे. डब्यात धडधड सुरू होताच ती दाबण्यासाठी घाबऱ्याघुबऱ्या अनुलोम-विलोम करायला लागलात, तर तीही पाण्याची बाटलीच झाली. आणि ज्याला रोज झटके येताहेत त्यानं एकदम दहा दिवसांच्या मौन-शिबिराला नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. इतका वेळ आपल्याच डोक्यासोबत बसणं काहींना झेपत नाही.

गोळ्या घ्याव्यात की नाही

'सवय लागते' ही भीती अर्धी खरी आहे, कारण इथे दोन वेगळ्या जातीची औषधं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही पहिली जात. रोज घ्यायची, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा उलट अस्वस्थता वाढू शकते. नेमके याच काळात बरेच लोक औषध सोडतात. यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुसरी जात अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांची. अर्ध्या-पाऊण तासात आराम पडतो, म्हणूनच धोका. जास्त दिवस घेतली तर शरीर तीच मागायला लागतं. शेजारणीच्या चिठ्ठीवर, केमिस्टच्या ओळखीवर ही घेऊ नयेत.

त्रास खूप असेल, खाणं-झोपणं गेलं असेल, थेरपीला बसण्याइतकीही उसंत नसेल तर आधी औषध आणि मग थेरपी हा रस्ता अगदी योग्य आहे. फक्त प्रत्येक प्रवासाआधी दुसऱ्या जातीची गोळी घेतली तर सगळं श्रेय तीच खाऊन टाकते. मेंदू म्हणतो, गोळी होती म्हणून निभावलं.

कुणाकडे जायचं, किती पडेल

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध डॉक्टरच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नये. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे दोन आठवड्यांचा कोर्स करूनही लागते. पहिल्या भेटीत सरळ विचारा: तुमचं शिक्षण काय, माझ्यासाठी कुठली पद्धत वापरणार, फरक पडतोय हे कसं मोजणार? यावर राग येणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तीन सेशनमध्ये मुळासकट काढतो म्हणणाऱ्याकडे तर पहिल्यांदाही नको.

मुंबईत खासगी सेशनला हजार-दोन हजार सहज जातात आणि महिन्याला चार म्हणजे बँकेतल्या बाईंनाही जडच. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन, कूपर रुग्णालयांत आणि सरकारी जेजेमध्ये मनोविकार विभाग आहेत. तिथे केसपेपरच्या नाममात्र पैशांत तज्ज्ञ डॉक्टर बघतात. गर्दी मात्र अशी की दर आठवड्याला पाऊण तास निवांत मिळणं कठीण. निदान आणि औषध तिथून, सराव बाहेरच्या थेरपिस्टकडून, अशी जुळणी करता येते. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीतून हेच काम करतेय. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर सेशनच्या तारखेची वाट बघत बसू नये. लगेच हा फोन किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला लावलं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे सेशनचा खर्च खिशातूनच जातो. याच कायद्यानं गुप्ततेचा हक्कही दिलाय. 'ठाण्याला पाठवा' (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) असल्या विनोदांवर वाढलेल्या आपल्या पिढीला या हक्काची गरज आहे. व्यवहारातली अडचण वेगळीच: वन रूम किचनमध्ये पाच माणसं असताना ऑनलाइन सेशन घ्यायचं कुठे? लोक गच्चीवर, जिन्यात, पार्क केलेल्या गाडीत बसून घेतात. चालतं. थेरपिस्टला तसं आधी सांगून ठेवलं की झालं.

घरच्यांनी काय करावं

झटका आलेला असताना 'काही झालेलं नाही, उठ' म्हणू नये आणि घाबरून पंखा-पाणी-फोन अशी धावपळही करू नये. शेजारी बसावं, 'चढलंय, उतरेल, मी आहे' एवढं पुरतं. तपासण्या एकदा नीट झालेल्या असतील तर दर वेळी ईसीजीला नेऊ नये. लक्षणं नेहमीपेक्षा वेगळी असतील तर जरूर न्यावं.

बाकीच्या वेळी अवघड काम असतं ते दिलासा कमी करण्याचं. बाईंच्या नवऱ्याला प्रत्येक स्टेशनला येणारा फोन तो मायेनंच उचलतो, पण त्याच मायेवर आजार पोसला जातो. एकदम बंद करणं क्रूरपणा होईल. आधी दोनच फोन, ठाणे सुटताना आणि दादरला. मग फक्त ऑफिसात पोचल्याचा मेसेज. मग तोही नाही. हे वेळापत्रक मात्र दोघांनी थेरपिस्टसमोर बसून ठरवलेलं बरं. परस्पर फोन उचलणं बंद केलं, तर संध्याकाळी घरी अँग्झायटीवर चर्चा होत नाही, भांडण होतं.